फुटक्या कपांचं अंगण

माझी थोरली बहीण चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कप वाजवत होती. हे काम सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्या टेबलावर यायचा. डाव्या हाताच्या बोटावर तो टांगायचा, उजव्या हातातली बारीक लाकडी दांडी काठावर एकदा मारायची आणि ऐकायचं. टण्ण वाजला तर डावीकडच्या खोक्यात, थप् वाजला तर उजवीकडच्या. डोळ्यांना न दिसणारा तडा ताईच्या कानाला दिसायचा. दांडी एकदाच मारायची. दुसऱ्यांदा मारणाऱ्या नव्या बायकांना ती म्हणायची, "संशय कपावर घे गं, स्वतःच्या कानावर नको." आणि तिचा आणखी एक नियम होता. न ऐकता कुठल्याच खोक्यात काही टाकायचं नाही. जेवणाची घंटा झाली आणि हातात कप राहिला, तर तो टेबलाच्या मधोमध ठेवून ती उठायची. परत आल्यावर आधी तो कप, मग बाकीचं जग.

आमची घरं एकाला एक लागून. मध्ये छातीएवढी भिंत, मागे दोघींची दोन अंगणं. मी घरीच पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते, त्यामुळे दिवसभर तिच्या अंगणावर माझी नजर असायची. मला ती लहानपणापासून मिरची म्हणते. का म्हणते ते इथपर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल, तर पुढे येईल.

पानं पिवळी पडायला लागली की ताईची लगबग सुरू व्हायची. तिचे पाहुणे यायचे असत. पाहुणे म्हणजे पाखरं. मैनेच्या जातीची, काळी, उन्हात हिरवी-जांभळी चमकणारी, अंगभर पांढरे ठिपके. उन्हाळा उत्तरेकडे काढून ती शंभर-दीडशेच्या थव्यानं आमच्याकडे उतरायची, दोनेक महिने राहायची आणि थंडी कडक झाली की आणखी खाली निघून जायची. उजवीकडच्या खोक्यातले कप कामगारांना घरी न्यायला परवानगी होती. ताई ते वर्षभर साठवायची, तड्यांवर मेण फिरवायची आणि तारेनं बांधून टाकायची. भिंतीवर कप, तुतीच्या फांद्यांवर कप, फाटकाच्या खांबावर कप. अर्ध्यांत पाणी, अर्ध्यांत दाणे. खिडकीच्या काचांवर ती साबणाचे जाड पट्टे ओढायची, पाखरं आपटून मरू नयेत म्हणून. आणि तिच्या मांजरीला दोन महिने माझ्याकडे हद्दपारी. ती मांजर माझ्याच पडद्यांवर नखं साफ करायची, पण पाहुण्यांपुढे आमचं कोण ऐकतंय!

ह्या पाखरांना एक खोड आहे. ती नक्कल करतात. कुठे कुठे ऐकलेले आवाज गळ्यात घेऊन येतात आणि आपल्या अंगणात आणून सोडतात. एका वर्षी त्यांनी आगगाडी थांबताना करकरते तसा आवाज आणला होता. एका वर्षी कुणाचं तरी किरकिरणारं बाळ. भर दुपारी, अंगणात एकही माणूस नसताना, झाडाच्या शेंड्यावरून बाळ रडायला लागलं की माझी सुई हातातच थांबायची. ते बाळ कुणाचं, कुठल्या घरातलं, आता गप्प झालं असेल की नाही, काही कळायला मार्ग नाही. मला ते अजिबात आवडायचं नाही. ताई मात्र मान तिरकी करून ऐकायची. "दात येतायत त्याला," म्हणायची.

भावोजी जमिनीत खोल भोकं पाडून पाणी शोधणाऱ्या एका कंपनीत यंत्रावर होते. महिना महिना बाहेर. परत आले की फाटकाशी उभं राहून शीळ घालायचे. दोन तोकडे सूर, मग एक लांब, चढत जाऊन खाली घसरणारा. त्यांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे शेवटी 'स्स्' करून थोडी हवा निसटायची. त्यावर ताई स्वयंपाकघरातून चमच्यानं एक कप वाजवायची. टण्ण. म्हणजे या आत. ती रागावलेली असली की वाजवायची नाही, आणि मग हा एवढा दांडगा माणूस फाटकाबाहेर चोरासारखा उभा राहून दहा दहा वेळा शीळ घालायचा. आम्ही खिडकीतून बघून हसून हसून बेजार व्हायचो. मी दोन-तीनदा भिंतीआडून तशीच शीळ घालून ताईला फसवायला गेले होते. ती एकदाही फसली नाही. आतून ओरडायची, "मिरचे, घरी जा!"

मग एका उन्हाळ्यात उत्तरेकडच्या छावणीतून भावोजी सकाळी चालत बाहेर पडले ते परतलेच नाहीत. कंपनीचं पत्र आलं. शोध घेतला, नदीत गळ टाकले, काही मिळालं नाही. कोट आणि दाढीचं सामान खोलीत नव्हतं. नदीत पडायला निघालेला माणूस दाढीचं सामान कशाला नेईल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ताईकडे बघितलं आणि गिळून टाकलं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन महिने तशीच. जेव म्हटलं तर जेवायची नाही, रड म्हटलं तर रडायची नाही. कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं. ती जगेल की नाही याची मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

त्या पानगळीत कप मी बांधले. पाखरं आली. मी अंगणात पडदे वाळत घालायची आणि घालता घालता, माझ्याही नकळत, भावोजींची शीळ वाजवायची. घरातलं माणूस गेलं की त्याचं काहीतरी आपल्या तोंडात राहतं, तसं. आठ-दहा दिवस असे गेले असतील. एका सकाळी ताईच्या फाटकाशी कडी वाजली, खट्. आणि लगेच शीळ. दोन तोकडे सूर, एक लांब. भिंतीवरून डोकावून बघितलं तर फाटक बंद. खांबावरच्या कपाच्या काठावर एक पाखरू. त्यानं मान फुगवली आणि पुन्हा एकदा भावोजी वाजवले, कडीसकट.

घराचं दार उघडलं. ताई तीन महिन्यांनी उंबऱ्यात उभी होती, केस पिंजारलेले, अनवाणी. ती फाटकापर्यंत गेली, कडीला हात लावून उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "आवाज आला." त्या दिवशी ती जेवली. चौथ्या दिवशी कामावर गेली.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? ती शीळ माझी आहे, मी पाखरांना नकळत शिकवली, असं सांगून तिला पुन्हा पलंगावर पाठवायचं? मी तोंडाला कुलूप लावलं. इतकंच नाही, पुढच्या वर्षी मी ती मुद्दाम शिकवली. ताई कामावर गेली की भिंतीशी उभी राहून तासन्‌तास शीळ घालायची, थवा उतरल्यापासून रोज. सात पानगळी मी हे केलं. आमचे हे म्हणायचे, "तू आणि तुझी बहीण, दोघींना एकाच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं." हे कमी बोलतात, पण बोलले की असं. मला वाटत होतं, मी तिला जिवंत ठेवतेय.

सातव्या वर्षानंतर ताईच्या घराची मागची भिंत खचायला लागली. आधी केसाएवढी भेग, मग बोट जाईल एवढी, मग पावसाचं पाणी आत. गवंड्यानं बघून स्पष्ट सांगितलं, भिंत उतरवून नव्यानं बांधा, नाहीतर एक दिवस झोपेत अंगावर येईल. घर भावोजींच्या नावावर. बांधकामाच्या परवान्यावर मालकाची सही लागते, आणि मालक बेपत्ता. कचेरीतल्या बाईंनी मार्ग सांगितला. सात वर्षं ज्याची काहीही खबर नाही तो कायद्यानं मेला असं धरता येतं. बायकोनं एक अर्ज भरायचा. मी अर्ज आणून ताईच्या टेबलावर ठेवला. तिनं तो टेबलाच्या मधोमध सरकवला आणि वर पेपरवेट म्हणून एक कप ठेवला.

"सही कर ना गं," मी म्हणाले.

"न ऐकता?"

"सात वर्षं झाली, ताई! कधी ऐकणार आहेस आणखी?"

"ऐकू येईल तेव्हा."

ती त्या भेगेच्या बाजूलाच झोपायची. रोज सकाळी तिच्या मोरीत बादली वाजली की माझ्या जिवात जीव यायचा. आणि मला राग यायचा, तिचा नाही, माझा. तिला वाटतंय माणूस जिवंत आहे, शीळ घालतोय, पाखरांबरोबर निरोप धाडतोय. आणि हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी? मी. माझ्या शिळेपायी माझी बहीण भिंतीखाली मरणार होती. म्हणून त्या वर्षी मी मनाशी ठरवलं की ओठांचा चंबूसुद्धा करायचा नाही. पाखरं मुकी आली आणि मुकी गेली, तर ताईला कळेल, आणि ती सही करेल. त्या उन्हाळ्यात मी घरात गाणंसुद्धा गुणगुणले नाही.

थवा उतरला तो दिवस मला नीट आठवतो. वारा पडलेला, आकाश राखाडी. एरवी ही पाखरं उतरताना कोलाहल करतात, ह्या खेपेला एकही बोललं नाही. भिंतीवर ओळीनं, तुतीवर, तारेवर, प्रत्येक कपावर, सगळी बसली आणि सगळ्यांची तोंडं ताईच्या दाराकडे. पाणी कुणी प्यायलं नाही, दाणा कुणी टिपला नाही. दीडशे पाखरं आणि चमचा पडला तरी ऐकू यावा इतकी शांतता. हद्दपार मांजर माझ्या शिवणयंत्राखाली जाऊन बसली, बाहेर येईना. मी खिडकी लावून घेतली. स्वतःला म्हटलं, दमली असतील, लांबून आलीयत.

असे तीन दिवस गेले. पाखरं रात्री कुठे जायची देव जाणे, सकाळी पुन्हा तशीच हजर. चौथा दिवस ताईच्या सुट्टीचा. दुपारी सव्वाचारला मी भिंतीशी उभी होते, ती पलीकडे एका कपाला मेण लावत होती. फाटकाची कडी वाजली. खट्.

आम्ही दोघींनी बघितलं. फाटक बंद होतं. खांबावर एकच पाखरू, थकलेलं, एक पंख लोंबता. त्यानं मान फुगवली. दोन तोकडे सूर. एक लांब, चढून खाली घसरणारा.

पहिल्यांदा मला आला तो राग. म्हटलं, मेलं गेल्या वर्षीचं पाठ आहे ह्याला, माझंच मला ऐकवतंय. पण मग शेवटी 'स्स्' झालं. तुटक्या दातातून हवा निसटते तसं.

मला 'स्स्' करता येत नाही. माझे दात धड आहेत. सात वर्षांत एकाही पाखरानं ते कधी केलं नव्हतं, कारण ते माझ्या शिळेत नव्हतंच. मी भिंतीचा काठ धरला. अंगणातलं प्रत्येक पाखरू त्या एकाकडे बघत होतं. ताईच्या हातातलं मेण तसंच होतं. ती हललीसुद्धा नाही, फक्त मान तिरकी केली.

पाखरानं पुन्हा सुरुवात केली. कडी. दोन तोकडे सूर, एक लांब. आणि ह्या वेळी 'स्स्' संपायच्याही आधी, त्याच गळ्यातून, आणखी एक आवाज आला.

टण्.

भांडं वाजवल्याचा. घरात आतून कुणीतरी, या आत म्हणून, एकदा वाजवल्याचा.

"तुझा कप, ताई," मी घाईघाईनं म्हणाले. "पूर्वी ऐकलेला असेल, लक्षात राहिला असेल त्यांच्या…"

"माझा नाही." ताईचा आवाज कामावर असताना असतो तसा होता. "चिनी माती नाही ती. इनॅमलचं भांडं आहे, पत्र्याचं. काठाचा टवका उडालाय. आणि लाकडी पळीनं वाजवलंय."

"अगं, पाखरं काय, इकडचं तिकडे शिवतात. एक आवाज इथला, एक आणखी कुठला…"

"आणि तो तुटका दात कुठून शिवला त्यांनी? तुझ्या शिळेत तो नसतो."

ताई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"तुला काय वाटलं गं, मी सात वर्षं फसत होते? पहिल्याच दिवशी कळलं मला. उंबऱ्यातून फाटकापर्यंत येईतो कळलं होतं. चढताना तुझा सूर फाटतो, लहानपणापासून."

"मग 'आवाज आला' का म्हणालीस? जेवलीस का?"

"म्हटलं, भिंतीपलीकडे कुणीतरी माझ्यासाठी एवढा घसा कोरडा करतंय. आपण जेवायला तरी हवं."

मला रडू आवरेना. मी मिरची, रस्त्यावर भाजीवाल्याशी भांडून आवाज चढवणारी, तिथे भिंतीवर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडले. ताईनं मेणाच्या हातानं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि केसांत मेण लावून ठेवलं.

"सहीचं म्हणशील तर तुझ्या शिळेनं अडली नव्हती ती," ती म्हणाली. "तो मला ऐकूच आला नव्हता. ना इकडचा, ना तिकडचा. न ऐकता कसं टाकायचं?"

पाखरानं तिसऱ्यांदा वाजवलं. कडी, शीळ, हवा, टण्. ताई ऐकत राहिली. कप एकदाच वाजवणारी माझी बहीण ते पाखरू वाजवेल तितक्या वेळा ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "शीळ संपायच्या आत उत्तर येतंय, बघितलंस? मी एवढ्या लवकर कधी वाजवलं नाही. मी ओल्या हातानं यायची, हात पुसायची, मग चमचा शोधायची. तिकडची बाई पळी हातात घेऊन बसलेली असते."

अंधारून यायला लागलं तसा थवा एकदम उठला, इतका एकदम की सगळे कप तारांवर हलून एकमेकांवर आपटले. थप् थप् थप्, दीडशे फुटके कप. अंगणात वारा नव्हता. मग सगळं थांबलं आणि ताई आत जाऊन टेबलावरचा कप उचलून अर्ज घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. लांब खोली, भिंतीला हिरवट रंग, बाकावर सात-आठ माणसं. कचेरीतल्या बाई सवयीनं एकेक रकाना विचारत होत्या आणि लिहीत होत्या. नाव, वय, काम. मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "यांची शेवटची खबर कधी आणि कशी मिळाली?"

ह्या प्रश्नाचा मला विसरच पडला होता. खरं उत्तर 'काल दुपारी, सव्वाचारला' असं होतं, आणि माझी बहीण खोटं बोलत नाही. एकतीस वर्षांत तिनं एक कप इकडचा तिकडे केला नव्हता. मालकाच्या मुलाच्या लग्नाची भांडी होती, तेव्हासुद्धा नाही. तिनं मान तिरकी केली. खोलीतलं घड्याळ टिकटिकत होतं.

"आठ वर्षांपूर्वी," ताई म्हणाली. "कंपनीचं पत्र आलं होतं."

"त्यानंतर काहीही नाही?"

"काही नाही."

बाईंनी लिहिलं. ताईनं सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

घरी आलो तर थवा आलेला होता आणि आज नेहमीसारखा कलकलाट करत होता. पाणी पीत होता, दाण्यांवरून भांडत होता. ताईनं शालसुद्धा काढली नाही, तांब्या घेऊन कप भरायला लागली. फाटकाशी आली तेव्हा लोंबत्या पंखाचं पाखरू खांबावरच होतं. तिच्या तोंडासमोर त्यानं मान फुगवून शीळ घातली, आणि तिकडची पळी वाजली. ताईनं त्याच्या कपात काठोकाठ पाणी ओतलं.

"मिरचे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठणठणीत वाजत होता गं. कुठेही तडा नव्हता. आज पहिल्यांदा मी चांगला कप उजवीकडच्या खोक्यात टाकला."